सहा पुस्तकं आणि एक हुंकारा

आमची पोस्ट सोळा हजार फुटांवर होती. नाव सांगणार नाही, आणि सांगितलं तरी तुम्हाला नकाशावर सापडायचं नाही. पोस्टवर आम्ही अकरा जण. तिथून सातशे मीटर पुढे, डोंगराच्या धारेवर, एक छोटी ऑब्झर्व्हेशन पोस्ट होती. तिला आम्ही ओपी म्हणायचो. तिथे एका वेळी दोघे, पंधरा दिवसांनी बदली. सातशे मीटर म्हणजे गावी, कोरीटला, आमच्या घरापासून मळ्यापर्यंतचं अंतर, एक विडी संपायच्या आत माणूस पोचतो. तिथे चांगल्या हवेत दोन तास लागायचे.

मी हवालदार पाटील, सिग्नलवाला. रेडिओ सेट सांभाळायचा. सकाळी सहाला पहिला चेक, मग दर तासाला. अँटेनावरचा बर्फ झाडायचा, बॅटऱ्या चार्ज करायच्या, लॉग लिहायचा. एवढं झालं की दिवस आ वासून उभाच. शत्रू महिन्यातून एकदा दिसायचा, हा रिकामा वेळ रोज.

पुस्तकं आली ती अशी. रजा संपवून निघालो तेव्हा खांडबारा स्टेशनवर गाडी दीड तास लेट. बाजारात एका रद्दीवाल्याकडे सहा जाड इंग्रजी पुस्तकांचा गठ्ठा दिसला. शंभरेक वर्षांपूर्वी पोरांसाठी लिहिलेली साहसाची मालिका. कापडी पुठ्ठ्यावर सोनेरी बलून, आत कुठल्यातरी शाळेचा पुसट शिक्का. दोन भाऊ, एक बहीण आणि त्यांचा मिशाळ काका बलूनमधून जग फिरतात. दर पुस्तकात नवा देश, नवं संकट, आणि शेवटच्या पानावर पुढच्या पुस्तकाची जाहिरात. माझं इंग्रजी दहावीपुरतं आणि फौजेपुरतं. म्हटलं, नाही वाचता आली तर बुखारी, म्हणजे पोस्टवरची रॉकेलची शेगडी, पेटवायला होतील.

ती वाचायला लावली नाईक तेरसिंग पावराने. तोरणमाळच्या पलीकडे डोंगरात त्याचा पाडा. जिल्हा आमचा एकच, नंदुरबार. पण आम्हा तापीकाठच्या लोकांना डोंगरातला माणूस आठवतो तो ऊसतोडीच्या वेळी. मी पाटलाचा पोरगा, हे मलाच सांगायला हवं. पहिल्या दिवशी त्याने मला खालून वर न्याहाळलं.

"तू कोरीटना शे ना? तुन्हा गावमा मी ऊस तोडेल शे."

"मग?"

"मग काही नही. चहा पाज."

असा तो. एकदा मी बुखारीजवळ पुस्तक चाळत बसलो होतो, तर म्हणाला, मोठ्याने वाच. मी हिंदीत सांगायला लागलो. त्याने हात वर केला.

"हिंदीमा ऑर्डर येस. गोष्ट घरनी बोलीमा सांग."

त्याच्या घरची बोली पावरी, माझी अहिराणी. पण शहाद्याच्या बाजारात तो अहिराणी शिकलेला. तेव्हा लंडनचा मिशाळ काका आमच्या पोस्टवर "पळा रे पोरेहो, मगर उनी!" असं ओरडायला लागला. सगळ्यांत गंभीर तोंड करून ऐकायचा तेरसिंगच. आणि प्रत्येक वाक्यानंतर म्हणायचा, "हं."

ही त्यांच्या डोंगरातली रीत. गोष्ट सांगायला बसलं की ऐकणाऱ्यांतला एक जण हुंकारा देतो. हुंकारा थांबला की सांगणाऱ्याने थांबायचं. मधे मी पाणी प्यायला थांबलो तरी हा "हं?" करून मागे लागायचा. जीव नकोसा करायचा.

प्रश्नही असेच. तिसऱ्या पुस्तकात विचारलं, "यास्मा कोन्ही मरस नही का रे?"

"पोरेसनं पुस्तक शे. तठे कोन्ही मरस नही."

"बरं शे," तो म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, "आन यासनं सामान कोन उचलस?"

मी पानं उलटली. सामान उचलणारा एक माणूस होता खरा. तोच वाट दाखवायचा, तोच नदीत आधी उतरायचा. पुस्तकात त्याला नुसतं नेटिव्ह म्हटलेलं.

"त्यानं नाव काय?"

"नाव दिलेलं नाही."

तेरसिंगने बुखारीत थोडं रॉकेल वाढवलं. "वेस्ता ठेव," म्हणाला. त्या दिवसापासून आमच्या मालिकेत वेस्ता आला. देश कुठलाही असो, ओझं उचलायला वेस्ता. पुढेपुढे तर मी खोटं वाचायला लागलो. काकाला सुचणारी युक्ती वेस्ताला सुचायची. तेरसिंगला कळायचं. हुंकारा मात्र तेव्हा जरा लांबायचा.

जानेवारीअखेर पाच पुस्तकं संपली. फेब्रुवारीत ओपीची पाळी तेरसिंगवर आली. जोडीला लान्स नाईक बिजू, केरळचा, तोफखान्याकडून आलेला. निघताना तेरसिंग म्हणाला, "सहावं उघाडू नको. मी येवावर वाच."

बाराव्या दिवशी सकाळी ०६:५० ला धारेवरून आवाज आला. मालगाडी पुलावरून जाते तसा. पोस्ट हलली, मग बाहेर सगळं पांढरं झालं. मी सेटवर बसून ओपीला हाक दिली.

"अल्फा टू, अल्फा टू, दिस इज अल्फा. रिपोर्ट. ओव्हर."

बावीस मिनिटं उत्तर नाही. ०७:१२ ला खरखर झाली.

"अल्फा, अल्फा टू. अव्हलांच. हट दब गयी. मेरा पैर फँसा है. बिजू ठीक है. ओव्हर."

हिमकडा कोसळून त्यांची हट, म्हणजे झोपडी, गाडली गेली होती. पोस्ट कमांडर सुभेदार नेगीसाहेब दाराशी गेले. स्वतःचा हात दिसत नव्हता. उतारावर अजून सैल बर्फ लटकत होता. "अभी निकले तो चार और दबेंगे," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "पाटील, उनको सोने मत दो. सोया, तो गया."

रॉकेलचा धूर कोंडेल म्हणून त्यांना बुखारी विझवावी लागली होती. दुसरी बॅटरी बर्फाखाली. असलेली जपायला हवी. सेटवर ऐकायला बॅटरी थोडी लागते, बोलायला फार. म्हणून मी ऑर्डर दिली. ती माझीच होती, हे लक्षात ठेवा.

"तेरसिंग, बोलू नकोस. सहावं पुस्तक उघडतोय. तू नुसता हुंकारा दे."

"हं," आला.

०७:४० ला सुरुवात केली. सहावं पुस्तक निघालं वाळवंटाचं. ऊन, उंट, तहान. बाहेर उणे पंचवीस आणि मी वाळू तापल्याचं वाचतोय. तेरसिंगने तेवढ्यातही ऑर्डर मोडली.

"कितलं ऊन शे रे?"

"शहादाना मे महिना."

"हं."

साडेनऊच्या सुमारास पुस्तकातलं पाणी संपत आलं. काका पोरांना घोट मोजून देत होता. तेरसिंगचा आवाज आला, अगदी बारीक.

"पाटील, वेस्ताले बी पानी दे."

मी पहिला घोट वेस्ताला दिला. छापलेलं काय होतं ते गेलं खड्ड्यात.

"हं," तो म्हणाला.

त्यानंतर फक्त हुंकारे. वाक्य, हं. वाक्य, हं. लॉगमध्ये मी रेघा मारत गेलो. दहानंतर हुंकारा चुकीच्या जागी यायला लागला. मी श्वासाला थांबलो की वाक्याच्या मधेच हं. लांबही नाही, आखूडही नाही, एकसारखा. म्हटलं, थकला असेल. जागा आहे ना, बास झालं.

११:०५ ला धूसर दिसायला लागलं. नेगीसाहेब पाच जणांना घेऊन दोरखंडाने निघाले. मी वाचत राहिलो. घसा सोलून निघाला. एकाने गरम पाणी हातात दिलं, ते घोट घेता घेता वाचलं.

१३:२० ला पुस्तक संपलं. पोरं बलूनमध्ये बसली, टाटा केला, खाली दोन इंग्रजी शब्द: द एंड. पुढच्या पानावर जाहिरातही नव्हती. मालिकाच तिथे संपलेली. पार्टी अजून अर्ध्या वाटेत. मी थांबलो की हुंकारा थांबणार.

"हं?" सेटमधून आलं.

मग मी सातवं पुस्तक सुरू केलं, जे कोणीच लिहिलेलं नव्हतं. बलून फाटला. वेस्ता म्हणाला, चला माझ्या गावाला. पोरं खांडबारा स्टेशनवर उतरली. जीपच्या टपावर बसून घाट चढली. मिशाळ काका ओकला. पाड्यावर त्यांना मक्याची भाकर आणि उडदाची डाळ वाढली. मोहाची फुलं वेचायला नेलं. होळी आली, कमरेला घुंगरं बांधून माणसं आगीभोवती नाचली, आणि जग पाहिलेली ती पोरं तोंड उघडं टाकून बघत राहिली. मी तो डोंगर कधी चढलेलो नव्हतो. तेरसिंगनेच बारा महिन्यांत थोडं थोडं सांगितलेलं ते सगळं त्याला परत सांगत होतो. प्रत्येक श्वासाला हं येत होता.

१४:४५ ला सेटवर नेगीसाहेब आले.

"अल्फा, अल्फा टू पर पहुँच गये. एक ज़िंदा. एक शहीद."

"कौन? ओव्हर."

"पावरा."

मी म्हणालो, नाही साहेब. आत्ता हुंकारा दिला त्याने. दोन मिनिटं झाली. लॉगमध्ये रेघ आहे.

मग साहेब हळू म्हणाले, "पाटील, इसको गये चार-पाँच घंटे हो गये."

बिजूला आणला तेव्हा त्याचे ओठ काळे पडले होते. हेलिकॉप्टर यायच्या आधी मी त्याच्या शेजारी बसलो. त्याने हिंदीत सांगितलं. पायाचं निमित्त, तेरसिंगची छातीच दबली होती. सेटवर तो ते बोललाच नाही. वाळवंटातलं पाणी वाटून झालं आणि त्याने हँडसेट बिजूच्या हातात दिला.

"तेरसिंग बोला, पाटील को मत बताना. वो रोएगा, बंद करेगा. वो रुके तो तू हं बोल. जब तक हं बोलेगा, नहीं सोएगा."

"और कहानी? तेरे को क्या समझा?"

"एक शब्द नहीं, साब." मग विचार करून म्हणाला, "एक समझा. वेस्ता."

अठरा वर्षं फौजेत काढली. छातीवर पदकं लावलेली माणसं जवळून पाहिली, त्यांना मनापासून सॅल्यूट ठोकले. पण बर्फाखाली, श्वास संपत असताना, आपल्या डोंगरातली रीत उचलून दुसऱ्याच्या हातात द्यायची, जीव वाचवायचं हत्यार म्हणून, हे डोकं आणि हे काळीज मला पुन्हा दिसलं नाही. आधी मला त्याचा रागही आला होता. सातवं पुस्तक त्याच्यासाठी होतं, आणि ते ऐकलं त्यातलं अवाक्षर न कळणाऱ्या माणसाने.

बिजूची दोन बोटं गेली, बाकी धडधाकट आहे. दर फेब्रुवारीत त्याचा फोन येतो. मी हॅलो म्हणतो. तिकडून आधी "हं" येतो, मग पोराबाळांची चौकशी.

तेरसिंगला पोचवायला मला जाता आलं नाही. पोस्ट सोडता येत नव्हती. एप्रिलमध्ये रजा मिळाली तसा शहाद्याहून जीप धरली, पुढे दोन तास चाललो. पाड्यावर एक ठेंगणा म्हातारा अंगणात लाकूड फोडत होता.

"बाबा, तेरसिंगनं घर हाईच का?"

"हाव."

"तुमी त्याना बाप?"

"हाव," त्याने कुऱ्हाड खाली ठेवली. "वेस्ता."

म्हाताऱ्याने खाट आणली, पण मी जमिनीवरच बसलो, त्याच्यासमोर. खांडबारा स्टेशनपासून सुरुवात केली. पुस्तकं, काका, मगर, ओझं उचलणारा माणूस. पहिल्या वाक्यालाच तो म्हणाला, "हं." प्रत्येक वाक्याला. तोच सूर, तोच लांबणारा शेवट. मी खाली मान घालून सांगत राहिलो. आवाज आला, हट दबली, वाळवंट, पाणी. मग हँडसेट बिजूच्या हातात गेला.

हुंकारा आला नाही.

मी थांबलो. रीत तशी आहे. अंगणात कोंबड्या फिरत होत्या. आतून कोणीतरी बाई येऊन दारात उभी राहिली. किती वेळ गेला, मी घड्याळ पाहिलं नाही.

मग म्हाताऱ्याने विचारलं, "मंग त्या पोरे? घर पोचनात का?"

"पोचनात, बाबा," मी म्हणालो. "वेस्तानी पोचाडात."

त्याने डोळे मिटले.

"हं," म्हणाला.