घागरीवरचं नाव

आई गेल्यावर बाबांना मी कसब्यातल्या घरातून बिबवेवाडीच्या माझ्या फ्लॅटमध्ये आणलं. त्यांच्याबरोबर तिची भांडीही आली आणि दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा उरली नाही. "काढून टाक," बाबा म्हणाले. मला तेव्हा रडू येत नव्हतं, कशाचंच काही वाटत नव्हतं, त्यामुळे हे काम मला जमेल असं वाटलं.

मी आयटीत होते. भांडी मोडीत घालण्यापेक्षा इंटरनेटवर लिलावात काढावीत, असं ऑफिसात तेव्हा जो तो सांगायचा. फोटो टाकायचा, लोक बोली लावतात, मुदत संपली की सर्वांत वरची बोली जिंकते आणि मग पैसे येतात. यातला शेवटचा भाग सांगताना मात्र सगळ्यांचा आवाज जरा खाली यायचा.

पितळी डबे गेले, पराती गेल्या. राहिली तांब्याची घागर. ती आईच्या वडिलांनी रुखवतात मांडायला घेतली होती आणि तिच्यावर टिंबाटिंबांनी आईचं नाव घातलं होतं, लग्नाआधीचं. लग्नात तिचं नाव बदललं. रेशन कार्डापासून मृत्यूच्या दाखल्यापर्यंत सगळीकडे ते नवंच नाव. जुनं फक्त या घागरीवर उरलं होतं. हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी फोटो मी टाकला.

घागर परगावच्या एका गृहस्थांनी जिंकली. त्यांच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत होती. 'घागरीवर कोणाचे तरी नाव दिसते,' त्यांनी मेलमध्ये लिहिलं, 'ते काढून मिळेल का? घरात दुसऱ्याच्या नावाचे भांडे नको.' एवढी चौकशी करणारा माणूस घेणारच, असं मी धरून चालले. पैसे यायच्या आधीच घागर घेऊन तांबट आळीत गेले.

कारागिराने घागर फिरवून पाहिली. "ताई, नाव पुसायचंय? नक्की ना?"

"हो."

त्याने कानस लावली. मी बाहेर उभी राहून ऑफिसचा फोन घेतला. फोन संपेपर्यंत पॉलिशही झालं होतं.

मग गृहस्थांचा डीडी उद्या निघणार होता. मग मेहुणे आजारी पडले. मग 'मिसेसना स्टीलच बरे वाटते' असं आलं आणि त्यानंतर काहीच आलं नाही. मी साइटकडे तक्रार केली. त्यांनी गृहस्थांच्या खात्यावर लाल खूण केली, माझ्याकडून घेतलेलं कमिशन मला परत दिलं आणि तक्रारीचं समाधानकारक निवारण झाल्याचं कळवलं. खाली बटण होतं, 'वस्तू पुन्हा लिलावात ठेवा'. मला संताप यायला हवा होता. मी बटण दाबलं.

नवा फोटो हवा होता, म्हणून रविवारी घागर खिडकीत ठेवली. बाबा चहाचा कप घेऊन शेजारी येऊन बसले. त्यांनी घागरीच्या गळ्याखाली बोटं फिरवली, मग पुन्हा फिरवली.

"इथलं कुठं गेलं?"

"पुसून घेतलं. त्या माणसाला नको होतं. आणि घागरही घेतली नाही त्याने."

बाबांनी कप खाली ठेवला. चहावर साय धरली. मग त्यांनी ते नाव घेतलं. त्यांच्या तोंडून ते मी जन्मात ऐकलं नव्हतं. आईला बाबा नव्या नावानेही कधी हाक मारायचे नाहीत, नुसतं "अगं".

"बघायला गेलो तेव्हा तिनं हेच सांगितलं होतं," ते म्हणाले. "मला आवडलं होतं. बदलायचं आमच्या आईनं ठरवलं. मी काही बोललो नाही."

"पण बाबा, काढून टाक म्हणालात तुम्ही."

"म्हणालो," ते म्हणाले. "मला वाटलं, ही एक तू ठेवशील."