समईच्या बुडाचा स्टिकर

कोणीही कसलीही गोष्ट सांगायला लागलं की माझ्या नवऱ्याचा तो मित्र चष्मा कपाळावर चढवायचा आणि विचारायचा, "यात राजाचा फायदा काय?" माझ्या मुलीने ससा-कासवाची गोष्ट सांगितली, तेव्हाही त्याने तेच विचारलं. ती इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणाली, "नो किंग ला, अंकल."

या परदेशी बेटावर बुओना व्हिस्टा भागात भाड्याच्या खोलीत राहून तो युरोपातल्या जुन्या राजांवर संशोधन करायचा. रविवारी आमच्याकडे बुकित बातोकला जेवायला. एका राजाने दंतकथेतल्या शूर वीराची म्हणून कुठलीशी हाडं थाटामाटात पुरली, हे तो आमटी ओरपत सांगायचा. वीर परत येईल म्हणून वाट बघणारे बंडखोर गार पडले आणि वीराचा वारसा राजाकडे आला. याचा पगार मिळतो, याचं मला नवल वाटे.

त्या वर्षी आमच्या इथल्या मराठी मंडळात दोन तट पडले. पहिली आरती कोणी करायची यावरून आजी आणि माजी अध्यक्षांनी वेगवेगळे गणपती बसवायचं ठरवलं. मुलांचं नाटकही फुटलं. राजा एका गटात, प्रधान दुसऱ्यात. माझी मुलगी घोडा होती, तिला कोणीच बोलावलं नाही. ती रडली तेव्हा याने कपाळावरचा चष्मा खाली डोळ्यांवर ओढला.

दुसऱ्या दिवशी तो मला सेरंगून रोडच्या भारतीय बाजारात घेऊन गेला. पितळी समई घेतली, तेल-काजळी चोळून म्हातारी केली. "वहिनी, बुडाचा स्टिकर तेवढा खरवडा."

मी साफ विसरले. समेटाच्या शेवटच्या बैठकीला सगळे आमच्या इमारतीखालच्या गोल दगडी टेबलाभोवती जमले. इथे बोटीतून उतरलेल्या पहिल्या मराठी माणसाची ही समई, असं त्याने सांगितलं. भांडणाऱ्या दोघांनी ती एका काडीने लावली तरच मंडळ टिकतं, अशी जुनी रीत. मी समई मांडीवर घट्ट धरून नखाने स्टिकर खरवडत होते. आजी अध्यक्षांना आपल्या पणजोबांची बोट आठवली. माजी अध्यक्षांना तीच समई मामांनी वर्णन केल्याचं आठवलं.

गणपती एकच बसला. दोघांनी मिळून समई लावली, घोडा स्टेजभर दौडला. मी हळूच त्याला विचारलं, "यात राजाचा फायदा काय?"

"या वेळी घोड्याचा, वहिनी."

पुढच्या वर्षी त्याची नोकरीची मुदत संपली आणि तो गेला. समईची गोष्ट सांगता सांगता पहिल्या मराठी माणसाला आता फेटा आणि झुपकेदार मिशा आल्या आहेत. ती रचणाऱ्याचं नाव मात्र गोष्टीत कुठेच नाही, याचं मला वाईट वाटतं. समई घासायचं काम मी दरवर्षी मागून घेते. स्टिकरचा एक कोपरा अजून चिकटलेला आहे. तो मी खरवडत नाही.