आजोबांची सून रजेवर जाते

पेन्शन कचेरीतल्या मोठ्या संगणकाला सगळे ‘आजोबा’ म्हणत आणि त्याची लहर सांभाळणाऱ्या बाईंना ‘आजोबांची सून’. चेष्टाच ती, पण बाईंना मनातून आवडायची. का आवडू नये? आजोबांच्या पोटातला प्रोग्राम लिहिणारे केव्हाच निवृत्त झाले होते आणि त्यावर ठिगळं लावणारेही गेले होते. कुठली ओळ बिनकामाची दिसते, पण वर्षअखेरीला तिच्यावाचून सगळं अडतं, हे ठाऊक असलेल्या बाई एकट्याच उरल्या होत्या. कुणाचं पेन्शन अडकायला नको म्हणून त्यांनी मोठी रजा घेणंच सोडून दिलं होतं.

मग लेकीचं बाळंतपण आलं, आणि विभागप्रमुख हात धुऊन त्यांच्या मागे लागली. ही बाईंचीच चेली. शेजारच्या टेबलावर बसून शिकली, वर चढली, तरी हाक मारायची ती ‘ताई’च.

"अगं ताई, जा ना! बाहेरच्या कंपनीची माणसं येताहेत. त्यांना सगळं शिकव आणि निवांत जा."

बाईंना भरून आलं. हातचं काही न राखता त्यांनी शिकवलं.

लेकीकडे फोन कायम उशाशी असायचा, पण कचेरीतून एकदाही वाजला नाही. शिकवलेलं पक्कं बसलं म्हणून बाई खूश. भोळी बाई, दुसरं काय!

परतल्यावर पासवर्ड चालेना. आपणच विसरलो असं वाटून त्यांनी मदतकक्षाला फोन लावला.

"तुमचं खातं बंद केलंय, बाई," तिकडचा माणूस चाचरत म्हणाला. "तुम्ही रजेवर गेलात त्याच दिवशी."

बाई तडक विभागप्रमुखाच्या खोलीत गेल्या. तिने मान वर केली नाही.

"ताई, तुझ्याशिवाय चालतं का, ते बघायचं होतं. चाललं. आता ते काम कंपनीकडेच राहील. एवढ्या लोकांचं पेन्शन एकाच माणसाच्या भरवशावर कसं ठेवायचं? उद्या तुझं काही बरंवाईट झालं तर?"

"हे मला आधी सांगता आलं नसतं?"

"सांगितलं असतं तर गेली असतीस?"

तिचं म्हणणं चूक नव्हतं, हेच बाईंना जास्त झोंबलं. पण परक्याने केसाने गळा कापला असता तर त्या भांडल्या असत्या. हिच्याशी काय भांडणार?

"म्हणजे बाळंतपणाला जा, जा, करत होतीस, ते यासाठी?"

"तसं नाही गं. ते मनापासून होतं." विभागप्रमुखाचे डोळे भरले होते. अश्रू खरे असतील, खोटे असतील. बाईंना आता ते ओळखता येईना. "नात झाली ना? फोटो तरी दाखव."

फोन बाईंच्या हातातच होता. त्यांनी तो पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली.

"नाही दाखवणार मी तुम्हाला, मॅडम."