समुद्रावरची दोरी

मुलांनो, गळाला पिसांची खोटी माशी लावून समुद्रात मासे धरायला कुठली दोरी घ्यावी, असं तुम्ही पत्रात विचारलंत, म्हणून हे लिहिते.

माझे आप्पा बेळगावच्या कॅम्पात एका साहेबाच्या गळाच्या रेशमी दोऱ्या सांभाळत. त्यांच्या बोटांना कायम दोऱ्यांना चोळायच्या जवसाच्या तेलाचा वास यायचा. साहेब वेंगुर्ल्याला निघाला तेव्हा आप्पांनी जाड दोरी पुढं केली. "सायेब, तिथं वारं लई. बारकी फेकली की तोंडावर येती." साहेब हसला आणि नदीवरची बारकी दोरीच घेऊन गेला.

रिकाम्या हातानं परतल्यावर त्यानं ती आप्पांच्या अंगावर फेकली. पाहुण्यांना इंग्रजीत म्हणाला, या गाढवानंच मला चुकीची दोरी दिली. मी आप्पांचा डबा घेऊन तिथंच उभी होते, मिशनच्या शाळेत शिकणारी.

"काय म्हनला गं?" आप्पांनी विचारलं.

"पुढच्या वेळी तुमचं ऐकतो म्हणाला."

"मग? सांगितलं व्हतं न्हवं मी?" आप्पा खूश झाले.

तेव्हा मला साहेबाचा संताप आला होता. आज माझा येतो. त्याला खोटारडा म्हणण्याइतकं इंग्रजी मला येत होतं, आणि मी ते गिळलं.

समुद्रावर जाड दोरी घ्या. आप्पांचं एवढं सांगणं उरलं आहे, आणि ते बरोबर आहे.