घड्याळाचं पान

गावात मोठ्या बायांसाठी साक्षरतेचा वर्ग निघाला, तेव्हा शाळेतल्या सरांनी शिकवायला मला निवडलं. मी चौथी शिकलेली. नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं. ते उघडलं नाही, म्हणून मी बाई झाले.

दुपारी गावातल्या बुद्धविहारात पाच-सहा जणी येत. अक्षरं, बेरीज, वजाबाकी नीट चाललं. पण पुस्तकात पुढे घड्याळाचं पान होतं, आणि काट्यांचं घड्याळ मला वाचता येत नव्हतं. शाळेत ते शिकवलं त्या दिवसांत मी आईबरोबर कापूस वेचत होते. नंतर गुरुजींनी उभं करून वेळ विचारली, मी काहीतरी सांगितलं आणि सगळा वर्ग हसला. तेव्हापासून मी घड्याळाकडे बघणंच सोडलं. मोबाइलवर आकडे दिसतात, त्यावर भागतं. विहारातल्या घड्याळाकडे मी पाठ करून बसायचे. कोणी वेळ विचारली की पदराखाली मोबाइल बघून सांगायचे.

वर्गात एक म्हातारी मावशी होती. घरात एकटी, मुलगा पुण्याला कामाला. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन वाशीमला ठरलं होतं. नंतर वेळेवर थेंब टाकावे लागणार, म्हणून ती रोज विचारी, "बाई, घडीचं पान कवा?"

"ते परीक्षेत नाही," मी म्हणे. कधी म्हणे, "आधी वजाबाकी पक्की करा."

एक दिवस तिनं स्वतःच ते पान माझ्यापुढे धरलं. "हा लहान काटा कायचा वं?"

मी ते पान उलटलं. मी ओरडले, "मावशी, अजून अक्षर धड निघत नाही तुमचं! तुमच्यानं काही होत नाही!"

एवढ्या मोठ्यानं मी कधी कोणाला बोलले नव्हते. "आपली बाई त खरंच मास्तरीण झाली!" एक जण म्हणाली. सगळ्या हसल्या. मावशी हसली नाही. पाटी पिशवीत घालून गेली, ती पुन्हा आली नाही.

तिची तब्येत बरी नाही, असं मी बाकीच्यांना सांगत राहिले. काही दिवस मलाही ते खरं वाटलं. मग ऑपरेशन करून ती घरी आल्याचं कळलं आणि मला भीतीनं धरलं. तिची शेजारीण दिवसभर शेतात सोयाबीन सोंगायला जाते. थेंबाची वेळ तिला कोण सांगत असेल? माझ्यामुळे डोळा गेला तर? भाकरी थापताना तोच डोळा समोर येई.

तिसऱ्या दिवशी गेले. ती काळा चष्मा लावून भिंतीला टेकली होती. वर घड्याळ.

"सावली उंबऱ्यावर आली का चारचा थेंब टाकतो," ती म्हणाली. "आज आभाळ आहे. पाह्य बरं, किती वाजले?"

माझा हात पदराखाली गेला.

"पदराखाली कायले पाह्यतं? वर काढ तो मोबाइल."

मी तो बाहेर काढला. "मले घडी येत नाही, मावशी." मलाच ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा म्हणाले.

"मले मालूम होतं. तू घडीकडे पाठ करून बसतं."

"मंग रोज काहून विचारत होत्या?"

"वाटलं, कोणाले विचारून येशील. तू त माह्यावरच भडकली!" डोळ्याला धक्का लागू न देता ती हळूच हसली.

मी घड्याळ उतरवून दोघींच्या मध्ये ठेवलं, शेजारी मोबाइल. मोबाइलवर तीन चाळीस. लहान काटा तीनच्या पुढे, मोठा आठवर. "पाच आठे चाळीस," तोंडातून आपोआप निघालं. पाचाचा पाढा तर मला येत होता! आकडा बदलला की काटा कुठे सरकला ते मी तिला सांगे. ती काचेवर बोट ठेवून पुन्हा विचारी. बरोबर चारला मी थेंब टाकला. थेंब डोळ्यातच पडला.

हे परवाचं. उद्या वर्गात ते पान काढायचं आहे. आधी बायांना सांगायचं आहे, की मलाही ते येत नव्हतं. त्या हसतील. मावशी काळा चष्मा लावून येणार आहे. म्हणाली, "मी पुढं बसतो. तू माह्याकडं पाहून सांग."