खिडकीतल्या दोन कुंड्या

विमलकाकूंच्या घरात दिवेलागणीला कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. सांगलीत त्यांच्याकडे भाड्यानं राहायला गेले त्या पहिल्याच संध्याकाळी मी खिडकीतल्या कुंडीत लावलेल्या मरांटा नावाच्या रोपाच्या पानाला हात लावला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "आगं, झोपायच्या टायमाला झाडाला हात लावत्यात व्हय? आन् त्यो सुजित हाय."

सुजित त्यांचा मुलगा, फौजेत. मागच्या सुट्टीत त्यानं आसामातून ते रोप आणलं होतं. अंधारू लागलं की त्याची पट्ट्यापट्ट्यांची पानं उभी राहत आणि हात जोडल्यासारखी मिटत. मग काकू म्हणत, "बरा हाय पोरगा," आणि तेव्हाच ताट वाढून घेत. उजेड कमी झाला की पानं मिटतात, असं मी शाळेत शिकलेलं सांगून पाहिलं. "व्हय बाई, शाळेत तसंच सांगत्यात," त्या हसल्या.

एका संध्याकाळी मात्र देवापुढं दिवा लागला तरी पानं उघडीच राहिली. काकू दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी फोन आला. गाडी उलटून सुजितचा पाय गेला होता, जीव वाचला होता. त्या संध्याकाळी पानं मिटली. तेव्हापासून मी खिडकीकडे पाठ करून बसू लागले.

नोकरीसाठी साताऱ्याला निघाले तेव्हा सुजितच्या कुंडीशेजारी त्याच रोपाची आणखी एक छोटी कुंडी होती. "ही तू," काकू म्हणाल्या. "कुनाला काय सांगत न्हाईस, म्हनून लावली." मी कुंडीकडे न बघता बॅग उचलली.

साताऱ्यात ज्या दिवशी मी ऑफिसच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे, नेमका त्याच दिवशी दिवेलागणीला फोन यायचा. "तुझी पानं उघडी हायत गं. काय झालंय?"

"काही नाही काकू. बरी आहे."

"बरं." त्या फोन मात्र ठेवायच्या नाहीत. बराच वेळ नुसता श्वास ऐकू यायचा. मी एकदाही खरं सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात काकू गेल्या. मी दिवसांना जाऊन, कोपऱ्यात बसून, कुणाशी न बोलता परत आले. आता पुन्हा फोन येणार नव्हता. परवा ऑफिसात मी खूप वेळ नळ सोडून ठेवला.

घरी येऊन दिवा लावला आणि फोन वाजला.

"ताई, मी सुजित. आई तुमच्या कुंडीकडं ध्यान दे म्हनून सांगून गेलीय. मला त्यातलं काय कळत न्हाई. पन पानं उघडीच हायत. तुमी बऱ्या हायसा न्हवं?"

मी सवयीनं तोंड उघडलं. पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता.

"नाही," मी म्हणाले.