वन्संची कढई

वन्सं गेल्याचा फोन दवाखान्यातून आला तेव्हा मी भट्टीवर होते. खवा आटत आला होता. उलथणं हातात तसंच राहिलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी खव्याची गोळी वळून न बघता कढई उतरवली... आता महिना उलटून गेला. घरातले सगळे कामाला लागले. मला माणसांत बोलायची सवय नाही, म्हणून चौथीपर्यंतच्या अक्षरांवर हे लिहिते आहे.

रेखा वन्सं माझी धाकटी नणंद. माझं लग्न झालं तेव्हा त्या शाळेत जात होत्या. शिकून पुण्याला कंपनीत लागल्या आणि काही वर्षांनी धाराशिवकडच्या वाशीजवळच्या आमच्या या गावात परत आल्या. लोक म्हणाले, नोकरी गेली असंल. त्यांनी मधल्या खोलीत कॉम्प्युटर मांडला आणि दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर लिहिलं. दूध मापलं की लिटर, फॅट आणि दूधवाल्याचं नाव मराठीत छापून पावती बाहेर येते. आधी आमच्या गावात, मग येरमाळ्यात, मग पार सोनारीपर्यंत ते जाऊन बसलं. आमच्या घरातल्या बाईनं लिहिलेलं! पावती बघितली की मी मनातल्या मनात फुगायची, तोंडानं काही म्हणायची नाही.

त्यात काही बदल केला की सगळं पुन्हा जुळवून केंद्रांवर बसवण्याजोगं करावं लागतं. त्याला वन्सं बिल्ड म्हणायच्या, आणि तेव्हा ते हातानंच करायच्या. येडेश्वरीच्या जत्रेत घर पाहुण्यांनी भरलेलं, त्या घाईत बिल्ड केलं आणि मराठी अक्षरांची फाईल आत घालायची राहिली. सकाळी येरमाळ्याच्या केंद्रावरचे काका फोनवर ओरडत होते, "ताई, पावतीवर नुसत्या चौकटी आल्यात! गवळी म्हणतेत, मशीनला भूत लागलंय. लिंबू बांधू का?" वन्सं हसल्या, पेनड्राइव्ह घेऊन एसटीनं गेल्या आणि परत आल्या त्या थेट माझ्या भट्टीजवळ येऊन बसल्या.

"वयनी, तुमचा खवा कधीच कसा बिघडत न्हाय?"

"गोळी बघितल्याबिगर मी कढई उतरवत न्हाय, वन्सं. चिमूटभर घ्यायचा, तळहातावर वळायचा. फुटली तर अजून आटवायचा."

"लई घाई असली तरी?"

"घाई गिऱ्हाइकाला असती. कढईला न्हाय."

त्या कितीतरी वेळ उकळत्या दुधाकडं बघत राहिल्या... मग त्यांनी खोलीच्या कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर ठेवला आणि त्याला सगळं शिकवलं. वन्संनी बदल लिहून पाठवला की तो आपला आपण घेतो, ठरल्या क्रमानं सगळं जुळवतो, नमुन्याची पावती काढून अक्षरं-आकडे तपासतो, आणि बरोबर असेल तरच केंद्रांसाठी बिल्ड तयार करतो. चुकलं तर पडद्यावर लाल अक्षरात 'गोळी फुटली'. जमलं तर हिरव्यात 'गोळी झाली'. मी वाचलं आणि तोंडाला पदर लावून हसले. "तुमचीच रीत हाय, वयनी," वन्सं म्हणाल्या. त्या दिवशी मला काय वाटलं ते मी आमच्या मालकांनाही सांगितलं नाही.

दुखणं बरं होणारं नाही हे कळल्यावर त्यांनी धाराशिवच्या, कॉम्प्युटर शिकलेल्या शबानाला हाताशी घेतलं, तिला सगळं समजावलं. मला म्हणाल्या, "मी न्हाय म्हणून सकाळचं दूध थांबत नसतं, वयनी. माझ्या हाताबिगर केंद्रं चालली, तर मी काम नीट केलं म्हणायचं."

आमच्यात सुतकात कढई चढवत नाहीत. भट्टी थंड होती. मालकांनी घरातलं एकेक बंद करता करता कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरच्या बटणाकडं हात नेला. "चालवणारीच गेली. आता ह्याचं काय काम?" पाहुणे बसले होते. मी चारचौघांत त्यांच्यापुढं कधी बोललेली नाही, पण तोंडातून निघून गेलं, "बंद करू नका. ती वन्संची कढई हाय."

"मग सुतकात बंदच पायजे की गं ती!" पाहुण्यांतल्या आत्याबाई म्हणाल्या.

"दूध कुठं सुतक पाळतंय, आत्याबाई? केंद्रावर रोज येतंच की."

मालकांनी हात मागं घेतला.

पुढं एका दुपारी शबानाचा फोन आला. "भाभी, एक बदल पाठवलाय. दीदी गेल्यावर पहिलाच. कॉम्प्युटर चालू हाय ना?" मी जाऊन पडद्यापुढं उभी राहिले. आतला पंखा घुरघुरला... आणि लाल अक्षरं आली. गोळी फुटली. "लाल आलंय गं," मी फोनात म्हणाले. "घाबरू नका, माझंच चुकलंय. त्यानं बरोबर पकडलं," शबाना म्हणाली. तिनं दुरुस्त करून पुन्हा पाठवलं. पुन्हा घुरघुर. मी पदर मुठीत धरून उभी. मग हिरवं झालं. खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि मी तर कशाला हातही लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी येरमाळ्याहून काकांचा फोन आला, पावत्या झकास निघाल्या म्हणून.

आता भट्टी पेटली आहे. पहिल्या घाण्याची गोळी वन्संची असायची. नजर पडद्यावर ठेवूनच त्या मागं हात पसरायच्या आणि मी तळहातावर ठेवायची. आता ती मी त्या कॉम्प्युटरपुढं वाटीत ठेवते.

"मुंग्या लागतील की त्या मशीनला," मालक म्हणतात.

"रोज पुसते मी," मी म्हणते. आणि कढई उतरवायला जाते.